वास टाकीचा की नळीचा? बोटीच्या होल्डिंग टँकची दोन वेगळी दुखणी

बोटीत खाली उतरताच टॉयलेटचा वास आला की मैला साठवणाऱ्या टाकीत, म्हणजे होल्डिंग टँकमध्ये, औषधाची आणखी एक बाटली ओतली जाते. कधी वास जातो, कधी तसूभरही हलत नाही. कारण होल्डिंग टँकच्या नावावर खपणाऱ्या या वासाची घरं दोन आहेत. एक टाकीच्या आत, कुजणाऱ्या मैल्यात. दुसरं टाकीच्या बाहेर, मैला वाहून नेणाऱ्या नळीच्या जाडीत. पहिल्याला हवा आणि धुणं लागतं, दुसऱ्याला नवी नळी. टाकीत ओतलेलं औषध नळीत मुरलेल्या वासापर्यंत पोचत नाही, आणि महागडी नवी नळी बसवून टाकीचा तुंबलेला व्हेंट, म्हणजे तिची हवा जाण्या-येण्याची नळी, मोकळा होत नाही. म्हणून खर्च करण्याआधी वास कुठला ते ठरवायचं.

टाकीतला वास

मैला पचवणारे जिवाणू दोन तऱ्हेचे. प्राणवायू मिळतो तोवर पहिल्या तऱ्हेचे काम करतात आणि त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो, ज्याला वास नसतो. प्राणवायू संपला की हवेविना जगणारे जिवाणू ताबा घेतात. त्यांच्यामुळे सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, ज्वालाग्राही मिथेन आणि इतर नकोसे वायू तयार होतात. त्यामुळे टाकीचा वास हा बहुतेक वेळा व्हेंटचा प्रश्न असतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने मैल्याच्या पृष्ठभागावर पांघरुणासारखा बसून राहतो. तो हलला तरच ताजी हवा खाली पोचते.

कारखान्यातून येणारा व्हेंट बहुधा १६ किंवा १९ मिमीचा असतो. टाकीतून हवा बाहेर पडायला तो पुरतो, बाहेरची हवा आत खेळायला पुरत नाही. २५ मिमी किंवा त्याहून मोठी नळी, शक्य तितकी आखूड आणि सतत चढती ठेवावी. मध्ये कुठे झोल पडला तर तिथे पाणी साचतं आणि त्याचं बूच बसतं. जागा असेल तर टाकीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन व्हेंट काढणं हा सगळ्यात चांगला उपाय आहे. हवा एकातून शिरते आणि दुसऱ्यातून निघते.

हा वास येतो-जातो. फ्लश केल्यावर, बोट लाटांवर हलल्यावर, कडक उन्हात तो उसळतो, आणि बहुधा बाहेरच, व्हेंटच्या तोंडाजवळ किंवा वारा जिकडे वाहतो तिकडे जाणवतो. टाकी रिकामी करून धुतली की दोन-तीन दिवस तरी नाहीसा होतो.

नळीतला वास

रबर आणि मऊ पीव्हीसी दिसायला घट्ट असले तरी त्यांतून वायूचे रेणू हळूहळू झिरपतात. सांडपाण्यासाठी न बनवलेली साधी नळी असेल तर हे लवकर होतं. खास सॅनिटेशन नळीलाही सतत मैल्यात बुडवून ठेवलं तर तीही कधीतरी हार मानते. सुरुवात नेहमी त्याच जागी होते: झोल पडलेला भाग, टाकीच्या तळाशी जोडलेला आणि कायम भरलेला तुकडा, किंवा टॉयलेटमागची वर चढणारी नळी, जिच्यातलं पाणी फ्लशनंतर खाली परत येऊन साचतं.

नळीचा वास उसळत नाही, मुरतो. लॉकर उघडला की येतो, बंद केबिनमध्ये काही दिवसांनी वाढतो, गाद्यांना आणि कपड्यांना लागतो. अंड्यापेक्षा जुन्या मुतारीशी त्याचं नातं जवळचं. आणि टाकी कितीही स्वच्छ धुतली तरी तो तसाच राहतो. ओळखीची सगळ्यात पक्की खूण हीच.

कापडाची परीक्षा

नळी बाहेरून साबणाने स्वच्छ धुऊन कोरडी करा. ही पायरी गाळली तर बाहेरची घाणच वास देईल आणि चांगल्या नळीवर ठपका येईल. मग धुतलेलं सुती कापड कडकडीत गरम पाण्यात बुडवून पिळा, नळीभोवती घट्ट गुंडाळा आणि थंड होईपर्यंत राहू द्या. ते काढून बोटीबाहेर, मोकळ्या हवेत हुंगा. कापडाला वास आला तर नळी झिरपते आहे. दर अर्ध्या मीटरवर नवं कापड घेऊन हेच करा, म्हणजे कुठला तुकडा गेला आहे तेही कळतं.

सांध्यांची तपासणी वेगळी. प्रत्येक क्लॅम्पखाली, तपासणीच्या झाकणाच्या कडेला आणि पंपाच्या जोडावर पांढरा टिश्यू फिरवा. पिवळट ओल आली तर दोष गळतीचा आहे. तिथे क्लॅम्प किंवा गॅस्केट बदललं की काम होतं.

व्हेंटसाठी दोघे हवेत. एकाने फ्लश करायचं, दुसऱ्याने व्हेंटच्या तोंडासमोर टिश्यूची पट्टी धरायची. पट्टी हलली नाही तर व्हेंट बंद आहे. फ्लशचं हँडल जड लागणं आणि भांड्यातून बुडबुडे येणं हीदेखील तीच खूण.

एक तिसरा वासही असतो, जो या दोघांच्या नावावर जातो. खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या टॉयलेटच्या आत येणाऱ्या नळीत सूक्ष्म जीव मरून कुजतात आणि समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनतो. दोन-तीन दिवसांनी केलेल्या पहिल्या फ्लशलाच अंड्याचा भपकारा आला आणि नंतर गेला, तर तो हाच. बोट सोडण्याआधी सिंकमधून गोडं पाणी ओढून नळी भरून ठेवली की तो थांबतो. टाकीला हात लावायची गरज नाही.

टाकीचा वास असेल तर: नीट रिकामी करणं

आधी व्हेंट पाहा, मगच पंप-आउटची, म्हणजे टाकी बाहेरून उपसण्याची, नळी जोडा. व्हेंट बंद असताना जोरकस पंप लावला तर टाकीत निर्वात होतो. प्लास्टिकच्या भिंती आत खचतात, सांधे फाटतात. उलट, दाब साचलेल्या टाकीचं डेकवरचं झाकण पटकन उघडलं तर आतला ऐवज अंगावर उडतो. झाकण पाव फेरा सैल करून हवा निघू द्या, मग पूर्ण उघडा. हातमोजे आणि चष्मा घाला, हॅच उघडे ठेवा, जवळ ज्योत किंवा सिगारेट नको. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला तर नाक बधिर होतं, त्यामुळे ‘वास गेला’ म्हणून टाकीत डोकं घालणं जिवावर बेतू शकतं.

बऱ्याच टाक्यांत उपसण्याची नळी वरून खाली उतरते आणि तळापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर थांबते. ६० बाय ४० सेंटिमीटर तळाच्या टाकीत अडीच सेंटिमीटर म्हणजे ६ लिटर गाळ मागे राहतो. पंप हवा ओढू लागला म्हणजे टाकी रिकामी झाली, असं म्हणूनच समजू नये. टाकीच्या साधारण पाव भाग, म्हणजे ८० लिटरच्या टाकीत २० लिटर, गोडं पाणी घाला, पुन्हा उपसा, आणि पंपाच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करा. दोन-तीन वेळा पुरतं. त्यातलं निम्मं पाणी भांड्यातून फ्लश करून पाठवा. नळीही धुतली जाते. डेकच्या तोंडातून पाणी घालताना होज तिथे घट्ट बसवू नका, नाहीतर नळाच्या दाबाने टाकी फुगेल. पिण्याच्या पाण्याचा होज तर या कामाला कधीच वापरू नये.

तळाशी गाळ घट्ट बसला असेल तर टाकी अर्धी पाण्याने भरून लाटांवर एक फेरी मारा. हिंदकळण्याने जे सुटतं ते कुठल्याही रसायनाने इतकं सहज सुटत नाही. टाकी रिकामी असताना व्हेंटच्या बाहेरच्या तोंडातून पाण्याचा फवारा आत सोडा. मिठाचे खडे, किड्यांची घरटी, काठोकाठ भरलेल्या टाकीतून वर गेलेला कागद, सगळं मागे ढकललं जातं. दर वेळी बोट धुताना हे केलं तर व्हेंट सहसा तुंबत नाही. व्हेंटला कोळशाचा फिल्टर असेल तर तो भिजल्यावर स्वतःच बूच होतो, तेव्हा फवारा मारण्याआधी काढून ठेवा.

शेवटी ३-४ लिटर पाणी आणि नायट्रेट किंवा जिवाणूंवर आधारलेलं औषध आत सोडा. ब्लीच नको. ते वास न करणारे जिवाणू मारतं आणि रबरी भागांना कडक करतं.

बोटीतून थेट समुद्रात सोडण्याबद्दल: जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या परिशिष्टानुसार प्रक्रिया न केलेला साठवलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, किमान ४ नॉट (ताशी ४ सागरी मैल) वेगाने जाताना, हळूहळू सोडायचा असतो. ते परिशिष्ट मोठ्या जहाजांसाठी आहे. लहान बोटींना त्या-त्या किनाऱ्याचा कायदा लागू होतो आणि तो पुष्कळदा याहून कडक असतो. मॅसरेटर पंपाने, म्हणजे मैला बारीक करून ढकलणाऱ्या पंपाने, सोडत असाल तर आधी सीकॉक (बोटीच्या बुडाशी समुद्राकडे उघडणारा व्हॉल्व्ह) उघडा, आणि आवाज चढा झाला की लगेच बंद करा. कोरडा फिरला तर इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं पातं, जळतो.

नळीचा वास असेल तर

झिरपलेल्या नळीला औषध नाही. बाहेरून टेप गुंडाळणं, रंग देणं हे वास थोडे दिवस लांबवतं एवढंच.

बदलण्याआधी टाकी आणि नळी तीन वेळा धुऊन घ्या, सीकॉक बंद करा. बार्बवर, म्हणजे नळी ज्यावर चढवतात त्या खाचेदार तोंडावर, अडकलेली नळी ओढत बसू नका. तिला लांबीत चीर देऊन सोलून काढा, चीर देताना सुरी बार्बला लागू देऊ नका. निघालेल्या टोकांना लगेच पिशवी बांधा. नवी ३८ मिमी सॅनिटेशन नळी गरम पाण्यात मऊ करून, बार्बला भांडी घासायचा साबण लावून चढवा, आणि प्रत्येक टोकाला स्टेनलेस स्टीलचे दोन क्लॅम्प, स्क्रू विरुद्ध बाजूंना ठेवून, आवळा. सरळ धावेसाठी कडक पीव्हीसी पाइप आणि फक्त टोकांना लवचीक तुकडे ही रचना आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण कडक पाइपातून वास झिरपत नाही.

मात्र मार्ग तोच ठेवला तर नवी नळीही तिथेच मरेल. टाकीकडे जाणारी धाव उतरती ठेवा, आधार जवळजवळ द्या म्हणजे झोल पडणार नाही. आणि फ्लश पुरेसा करा. ३८ मिमी नळीत प्रत्येक मीटरमागे सुमारे १.१ लिटर मावतं; ३ मीटर नळी मोकळी करायला जवळपास साडेतीन लिटर पाणी लागतं. तुमच्या पंपाचं हँडल किती वेळा मारल्यावर एक लिटर जातं ते बादलीने एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवा. टाकी लवकर भरते हे खरं, पण नळीत मूत्र साचू देण्यापेक्षा ते परवडतं. साचलेलं मूत्र आणि खारं पाणी मिळून आतून दगडासारखा क्षार बसतो, ३८ मिमीची वाट अरुंद होत जाते आणि जोकर व्हॉल्व्ह, म्हणजे गेलेलं पाणी भांड्यात परत येऊ न देणारी रबरी झडप, मिटेनासा होतो.

क्षारासाठी महिन्यातून एकदा अर्धा लिटर व्हिनेगर भांड्यातून हळूहळू पंप करा आणि मागून भरपूर पाणी पाठवा. रात्रभर व्हिनेगर ठेवून देऊ नका, रबर फुगतं. ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून त्याच दिवशी दोन्ही वापरू नका. जोकर व्हॉल्व्ह दर वर्षी बदला. फ्लशनंतर काही वेळाने भांड्यात गढूळ पाणी परत चढलं, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट पाहू नका.