बासचं वजन: बियाण्याचं की पाण्याचं?

टेक्सासमध्ये १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात कुणाच्या गळाला १३ पौंडांचा, म्हणजे साधारण ५.९ किलोचा, लार्जमाउथ बास लागला की तो आधी फोन करतो आणि मग मासा जिवंत ठेवून वाट बघत बसतो. राज्याच्या वन्यजीव खात्याची गाडी पाण्याची टाकी घेऊन येते आणि मासा अथेन्स गावच्या मत्स्यबीज केंद्रात नेते. तिथे त्याची जोडी लावतात, अंडी मिळाली तर पिल्लं वाढवतात आणि पाहुण्याला शक्यतो त्याच्याच तलावात परत सोडतात. पाहुण्याला नव्हे, पाहुणीला. एवढा मोठा बास म्हणजे मादीच. नर घरट्याची राखण करतो आणि पाच-सहा पौंडांच्या पुढे क्वचितच जातो. महिनेही उगाच निवडलेले नाहीत. विणीच्या आधी मादी गाभोळीने गच्च भरलेली असते, त्यामुळे काट्यावरच्या आकड्यात थोडा वाटा गाभोळीचाही असतो.

(हॉटेलच्या मेनूवरचा ‘सी-बास’ बहुधा आपला जिताडा असतो. हा मासा तो नव्हे. हा अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला, हिरवट अंगाचा, बाजूला काळा पट्टा असलेला, आणि तोंड उघडलं की जबडा डोळ्याच्याही मागे जाणारा.)

हा सगळा खटाटोप ‘खाण तशी माती’ या एका समजुतीवर उभा आहे. आई तेरा पौंडांची, तर लेकीही तशाच निघतील. ही समजूत कितपत खरी ठरली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

बास इकडून तिकडे नेण्याचं वेड जुनं आहे. १८५४ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टाकीत भोकं पाडलेली बादली सोडून काही ब्लॅक बास (लार्जमाउथच्याच कुळातले मासे) डोंगरापलीकडे नेले आणि पोटोमॅकच्या खोऱ्यात सोडले. पुढे सरकारी मत्स्य आयोग आला, माशांसाठी खास रेल्वेडबे आले. पण तेव्हाचा हेतू एवढाच होता, की जिथे बास नाही तिथे तो असावा. कुठला बास, हे कुणी विचारत नव्हतं. १९३०च्या दशकात अलाबामात ऑबर्नला एच. एस. स्विंगल यांनी शेततळ्यांवर प्रयोग सुरू केले. बासबरोबर ब्लूगिल हा छोटा मासा किती सोडायचा, पाण्याला खत किती द्यायचं, याचा त्यांनी हिशेब बसवला. माझ्या मते मोठ्या बासच्या इतिहासातलं सर्वात कमी कौतुक झालेलं काम हेच. त्यात वंशाचा विषय नव्हताच, सगळा विचार खाण्यापिण्याचा होता.

वंशाचा विषय १९४९ मध्ये आला. बेली आणि हब्ज या दोन मत्स्यशास्त्रज्ञांनी दाखवलं, की फ्लोरिडाच्या द्वीपकल्पातला बास हा उत्तरेकडच्या बासहून वेगळी उपजात आहे. खवले बारीक, थंडी सोसवत नाही, पण उबदार पाण्यात अंग धरतो. (२०२२ मध्ये जनुकीय अभ्यासातून त्याला स्वतंत्र जातीचाच दर्जा मिळाला. गंमत म्हणजे जुनं ‘साल्मॉइडिस’ हे नाव फ्लोरिडावाल्याकडे गेलं आणि उत्तरेकडच्याला ‘निग्रिकन्स’ हे नाव घ्यावं लागलं.)

१९५९ मध्ये सॅन दिएगोने फ्लोरिडाचे बास आणून अप्पर ओटे जलाशयात सोडले. तिथून ते दक्षिण कॅलिफोर्नियाच्या इतर जलाशयांत गेले, आणि १९७३ मध्ये मिरामार तलावातून २० पौंड १५ औंसांचा बास निघाला. १९८० मध्ये कसीटसमधून २१ पौंडांहून मोठा, १९९१ मध्ये कस्टेकमधून २२ पौंडांचा. जॉर्ज पेरी यांचा जागतिक विक्रम तेव्हा २२ पौंड ४ औंसांचा होता. तो त्यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियात मोंटगोमेरी तलावात केला होता. मासा वजन करून घरी नेला आणि खाल्ला. मंदीचे दिवस होते. कॅलिफोर्निया त्या विक्रमाच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला, तेव्हा श्रेय सगळं फ्लोरिडाच्या रक्ताला मिळालं.

पण याच जलाशयांत हौशी लोकांसाठी दर हिवाळ्यात केंद्रात वाढवलेले रेनबो ट्राउट सोडले जात होते. चरबीयुक्त, भाबडे, पिंजऱ्यातल्या कोंबडीसारखे. बासच्या दारात आयतं ताट येत होतं. हंगाम लांब, पाणी खोल, थंडी बेताची. फ्लोरिडा वंश नसता तर हे आकडे दिसले नसते, हे खरंच. पण खुद्द फ्लोरिडाचा अधिकृत विक्रम १७ पौंड ४ औंसांवर आहे. रक्त तिथलंच, ताट मात्र वेगळं.

टेक्सासची कथाही याच वळणाने जाते. तिथला राज्यविक्रम १९४३ पासून १३.५ पौंडांवर अडकला होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याने फ्लोरिडाचे बास आणले, आणि १९८० मध्ये विक्रम मोडला. त्याच वर्षी टेक्सासमधल्याच लेक फोर्क या नव्या जलाशयाचं पाणी अडवलं गेलं. पाणी भरायच्या आधीच तिथल्या तळ्यांमध्ये फ्लोरिडाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडून ठेवली होती. झाडं न तोडता पाण्याखाली जाऊ दिली. मोठे बास परत सोडणं भाग पडेल असा नियम केला. आजही १६ ते २४ इंचांमधला बास तिथे ठेवता येत नाही. नव्याने बुडालेली जमीन, तिच्यातून सुटणारी पोषणद्रव्यं, नवं रक्त आणि कडक नियम, हे सगळं एकाच वेळी जुळून आलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये मार्क स्टीव्हन्सन या वाटाड्याने तिथे १७.६७ पौंडांची मादी पकडली. तिचं नाव पडलं एथेल. मोठे मासे मारण्याऐवजी प्रजननासाठी राज्याला देण्याची योजना तिच्यापासूनच सुरू झाली. पुढे मिसूरीतल्या एका मोठ्या दुकानाच्या मत्स्यालयात ती लोकांना बघायला ठेवली. १९९४ मध्ये ती गेली तेव्हा तिच्यासाठी चक्क शोकसभा झाली.

राज्याचा आजचा विक्रम, १८.१८ पौंड, जानेवारी १९९२ चा आहे. बॅरी सेंट क्लेअर हे लेक फोर्कवर क्रॅपी नावाचा वीतभर मासा धरायला बसले होते. म्हणजे योजना सुरू होऊन चार दशकं होत आली तरी विक्रम तिच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतला आहे, आणि वयाचा विचार केला तर तो मासा योजनेचा नव्हे, पहिल्या आयातीचा वारस वाटतो.

निवड निरुपयोगी ठरली असं मात्र नाही. २००५ नंतर काही लहान तलावांत या बड्या माद्यांची खुणा केलेली पिल्लं सोडून तिथल्या स्थानिक बासशी तुलना केली गेली. चार वर्षांच्या वयाला निवडक पिल्लं सरासरीने अर्ध्या पौंडाहून थोडी जास्त भरली. अर्धा पौंड थोडा नाही, पण पहिल्या आयातीने घेतलेल्या उडीपुढे तो लहानच. कारण साधं आहे. तेरा पौंडांची मादी नुसती जनुकांवर तेरा पौंडांची होत नाही. ती आठ-दहा वर्षं जगली, कुणाच्या तळणीत गेली नाही, तिला भक्ष्य मिळत राहिलं. हे नशीब लेकींना वारशाने जात नाही. शिवाय इंच-दीड इंचाची बोटुकली आधीच माशांनी भरलेल्या जलाशयात सोडली की त्यांतली बहुतेक पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी पोटात जातात.

इलिनॉयच्या संशोधकांनी प्रश्न उलटा फिरवला. रिज लेकमध्ये सारखे गळाला लागणारे आणि क्वचितच लागणारे असे बास वेगळे करून त्यांच्या तीन पिढ्या वाढवल्या. दोन्ही कुळांमधलं अंतर पिढीगणिक वाढत गेलं. म्हणजे गळाला लागणं काही अंशी आनुवंशिक आहे, आणि सहज लागणारे मासे घरी नेणारी माणसंही नकळत निवड करतच असतात. ती निवड आपल्याला नको असलेल्या दिशेची.

रक्त बदलण्याची दुसरी बाजू आपल्याला कावेरीने दाखवली. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात तयार झालेलं दख्खनी महाशीरचं बीज १९७०च्या दशकात कावेरीत सोडलं गेलं. हेतू चांगला होता. महाशीर वाढलाही. पण कावेरीचा स्वतःचा, त्याहून कितीतरी मोठा होणारा कुबड्या महाशीर मागे पडला, आणि २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमध्ये पाहुणा मोठा निघाला, इथे यजमान मोठा होता.

गेल्या काही वर्षांत टेक्सासमध्ये पुन्हा उत्साह आहे. केंद्रातले फ्लोरिडा वंशाचे प्रजनक मासे आता याच बड्या माद्यांच्या वंशातले ठेवायचे, असं राज्याने ठरवलं. २०२१ पासून पश्चिमेकडचा ओ. एच. आयव्ही जलाशय एकामागून एक तेरा पौंडी मासे देतो आहे, आणि जनुकीय तपासणीत त्यांतले काही आधीच्या माद्यांचे वारस निघाले. योजनेच्या बाजूचा हा सर्वात भक्कम पुरावा. फक्त एक गोष्ट सोबत लिहून ठेवायला हवी: त्याआधी हा जलाशय दुष्काळाने आटला होता, काठावर झाडोरा माजला होता, आणि मग पाणी पुन्हा चढलं. लेक फोर्कचीच गोष्ट, धाकट्या प्रमाणात.

आणि पेरींचा विक्रम? २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, तीही जपानच्या बिवा सरोवरात. तिथे बास परका आणि नकोसा. पकडलेला बास परत सोडायला मनाई आहे. त्याला वाढवण्याची कुठली योजना नाही. फ्लोरिडाचं रक्त मात्र तिथेही पोहोचलं आहे, आणि पाण्यात ब्लूगिल भरपूर. हे ब्लूगिल जपानमध्ये आले ते १९६० मध्ये, शिकागोच्या महापौरांनी युवराज अकिहितोंना दिलेली भेट म्हणून. कुरितांनी गळाला जिवंत ब्लूगिलच लावला होता.