व्होल्तेर्राचा दिवस: सहलीत सहभागी होणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

इटलीतील आमच्या तस्कनी सहलीत एक पूर्ण दिवस व्होल्तेर्रासाठी राखून ठेवलेला आहे. फ्लॉरेन्स आणि पिसा हाताशी असताना या आडबाजूच्या गावाला एवढा वेळ कशासाठी, असे नोंदणीच्या वेळी अनेकजण विचारतात. त्याचे उत्तर तेथील अलाबास्टर या दगडात आहे, आणि तो नीट पाहता यावा म्हणून हे पत्रक देत आहोत.

व्होल्तेर्रा समुद्रसपाटीपासून सुमारे ५३० मीटर उंचीवरील डोंगरमाथ्यावर वसले आहे. रोमन सत्तेच्या आधी येथे एत्रुस्कन लोकांचे वेलाथ्री हे नगर होते आणि त्याच्या तटाचा घेर सुमारे सात किलोमीटर होता. तेराव्या शतकात नवा तट बांधला गेला तेव्हा गाव बरेच आक्रसले होते, त्यामुळे जुन्या तटाचे काही तुकडे आजच्या तटाच्या पुष्कळ बाहेर आढळतात. बस तटाबाहेरच थांबते. तेथून चढ पायी चढावा लागतो व गल्ल्यांतील फरसबंदी गुळगुळीत झालेली आहे, म्हणून पकड असलेले बूट घालावेत.

आत शिरताना पोर्ता आल्लार्को या एत्रुस्कन वेशीपाशी आपण थोडे थांबू. कमानीवरील तीन दगडी मस्तके वाऱ्यापावसाने इतकी झिजली आहेत की नाकडोळे ओळखू येत नाहीत. १९४४ च्या जूनअखेरीस माघार घेणारे जर्मन सैन्य ही वेस सुरुंगाने उडवून देणार होते. तेव्हा गावकऱ्यांनी शेजारच्या रस्त्याची फरसबंदी उखडली आणि त्याच दगडांनी एका दिवसात वेस बुजवून टाकली. वाटच बंद झाल्यामुळे ती उडवण्याचे कारण उरले नाही.

१२०८ मध्ये काम सुरू झालेला प्रिओरी प्रासाद, म्हणजे गावाचे नगरभवन, आपण बाहेरूनच पाहू. खरा वेळ ग्वार्नाच्ची संग्रहालयाला द्यावा. तेथे सहाशेहून अधिक एत्रुस्कन अस्थिपात्रे आहेत, आणि त्यांतील अनेक ज्या अलाबास्टरमध्ये कोरली आहेत, तोच दगड दुपारी आपण कारागिराच्या हाती पाहणार आहोत.

अलाबास्टर म्हणजे जिप्सम. गणेशमूर्तींच्या निमित्ताने आपल्याकडे ज्याचा दरवर्षी वाद होतो, ते प्लास्टर ऑफ पॅरिस याच खनिजाला तापवून बनते. संगमरवरापेक्षा हा दगड बराच मऊ असून त्यावर नखाने ओरखडा उठतो. म्हणूनच तो लेथवर सहज कातता येतो आणि पातळ केला की त्यातून उजेड झिरपतो. कार्यशाळेत पिठासारखी पांढरी धूळ खिडक्या, फळ्या, कारागिराच्या भुवया अशा सगळ्यांवर बसलेली असते, तेव्हा गडद कपडे टाळावेत. कातकाम चालू असताना कारागिराशी बोलू नये. कड पातळ होत आली की हात किंचित हलला तरी वाटी फुटते.

एकोणिसाव्या शतकात येथील व्यापारी हा माल घेऊन दूरदूरच्या देशांत जात. त्यांपैकी ज्युझेप्पे विती हे हिंदुस्थानापर्यंत पोहोचले होते, आणि त्यांनी आणलेले पौर्वात्य पोशाख विती घराण्याच्या वाड्यात आजही पाहायला मिळतात.

खरेदी करायची असल्यास वस्तूमागे मोबाइलचा दिवा धरून पाहावा. खऱ्या दगडात शिरा आणि ढगाळ छटा आत खोलवर दिसतात, तर रेझिनच्या नकलेत बहुधा साच्याचा सांधा सापडतो आणि शेजारच्या दोन वस्तूंवरची नक्षी हुबेहूब सारखी असते. नखाची परीक्षा मात्र दुकानात करू नये. ओरखडा आपला आणि वस्तूही आपलीच, असा प्रसंग ओढवू शकतो.

अलाबास्टर पाण्यात थोडा थोडा विरघळतो. आमच्या एका ग्राहकताईंनी हौसेने घेतलेली वाटी पावसाळाभर गॅलरीत तुळशीशेजारी ठेवली आणि गणपतीपर्यंत तिची चकाकी पूर्णपणे गेली. वस्तू कोरड्या मऊ कापडानेच पुसावी. दिव्याच्या झाकणाआड एलईडी बल्बच लावावा, कारण उष्णतेने दगडातील पाणी उडून तो खडूसारखा पांढुरका पडतो. परतीच्या विमानप्रवासात वस्तू कपड्यांत गुंडाळून हातातील बॅगेत ठेवावी.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. रिबोल्लिता हे पाव, घेवडा व भाज्यांचे दाट सूप चांगले लागते, परंतु काही ठिकाणी त्यात मांसाचा रस असतो, म्हणून मागवण्यापूर्वी सहल व्यवस्थापकांना विचारावे. पाव अळणी लागला तर तक्रार करू नये. तस्कनीत तो बिनमिठाचाच भाजतात.