गजाली

तळकोकणात, मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात, चारचौघांत रंगवून सांगितलेल्या किश्शांना आणि त्या गप्पांच्या बैठकीलाही गजाली म्हणतात. त्या मालवणीतच सांगितल्या जातात. गजाल हा शब्द गोव्याच्या कोकणीतही रोजच्या वापरातला आहे. बैठकीला मुहूर्त लागत नाही. देवळापुढचा पार, घरापुढचे खळे, एसटीचा थांबा, पावसाळ्यात पडवी, यांतले काहीही चालते.

गजालीत घटना फार उशिरा येते. आधी माणूस उभा करायचा: कुठल्या वाडीतला, कुणाचा कोण, त्याचा आजा कशासाठी प्रसिद्ध होता. इथे ऐकणारेच मध्ये पडतात. ‘तो नाय रे, तेचो चुलतो,’ असे कुणीतरी म्हणतो आणि मग चुलत्याची वेगळीच गजाल निघते. पहिल्या पावसात रात्री कुर्ल्या (खेकडे) धरायला गेलेला गडी बत्तीच्या उजेडात स्वतःचीच सावली बघून ‘देवचार, देवचार’ (म्हणजे भूत) ओरडत पळाला, एवढाच मामला असतो. पण बत्तीतले रॉकेल कुणाकडून उसने आणले, निघताना बायको काय म्हणाली, व्हाळाला (ओढ्याला) पाणी कुठवर होते, हे सगळे झाल्याशिवाय सावली दिसत नाही. शेवट बहुतेकांना पाठ असतो, तरीही ‘मगे?’ म्हणत सांगणाऱ्याला पुढे ढकलायचे. सांगणाऱ्याने मात्र हसायचे नाही. आधी हसला की गजाल फुकट गेली.

थाप चालते, किंबहुना ती हवीच. हातभर मासा पुरुषभर झाला तरी कुणी हरकत घेत नाही. पण ऐन आषाढातल्या वादळात होडी खोल समुद्रात नेलीत, तर जाणती मंडळी तिथेच अडवतात. ज्याची फजिती सांगायची तो समोर बसलेला असेल, तर बरेचदा शेवट त्याच्यावरच सोपवला जातो. स्वतःची फजिती सांगणाऱ्याला मान अधिक. पु. ल. देशपांड्यांचा रत्नागिरीकर अंतू बर्वा एका तिरकस वाक्यात समोरच्याला गारद करतो. मालवणी गजालवाला त्याच कामाला अर्धा तास घेतो आणि तो वाया गेला असे कुणालाच वाटत नाही.

गिरणगावात नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांबरोबर गजाली मुंबईत पोहोचल्या. लालबाग-परळच्या चाळींतल्या गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत त्या रंगत, आणि गणपतीला गावी आल्यावर मुंबईच्या गजालींची भर पडे. रंगभूमीवर ही बोली गाजवली ती गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने (1980). गावातल्या हौशी नाटकमंडळींची फजिती, म्हणजे मूळचा गजालीचाच ऐवज. त्यातला मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच घराघरांत पोहोचला. 2017 मध्ये ‘गाव गाता गजाली’ ही मालिका झी मराठीवर आली. पडद्यावर संवाद आधीच लिहिलेले असतात, त्यामुळे चुलत्यावरून वाद घालायला तिथे कुणाला वाव नसतो.