न्यायवैद्यक मानसोपचार, सामान्य रुग्णालयातील (बेळगाव सीमाभाग)

आरोपी, कच्चे कैदी किंवा शिक्षा भोगणारे बंदी यांची मानसिक तपासणी व उपचार खास मनोरुग्णालयाऐवजी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात करण्याची पद्धत. भारतात सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग 1933 मध्ये कोलकात्याला गिरींद्रशेखर बोस यांनी प्रथम सुरू केला. बेळगावकरांसाठी जवळचे सरकारी मनोरुग्णालय धारवाडला, सुमारे 75 किलोमीटरवर. हिंडलग्याचे मध्यवर्ती कारागृह आणि बिम्सचे (बेळगावचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) जिल्हा रुग्णालय मात्र एकमेकांपासून फार दूर नाहीत.

न्यायालय डॉक्टरांना दोन वेगळे प्रश्न विचारते. आरोपीला आज खटला समजतो का, हा पहिला (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 367 व 368). गुन्हा घडताना त्याला कृत्याचे स्वरूप कळत होते का, हा दुसरा (भारतीय न्याय संहिता, कलम 22; पूर्वीचे भा. दं. वि. 84). उपचारांनी माणूस खटल्याला उभा राहण्याइतका सावरतो, पण त्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. म्हणूनच पहिल्या रात्रीचा केसपेपर मोलाचा: झोप किती, बोलणे सुसंगत का, कानात आवाज येतात का, दारूचा वास होता का. तिथे नुसते ‘रुग्ण शांत’ लिहिले, तर पुढे कोर्टात सांगण्यासारखे हाती काहीच उरत नाही.

सीमाभागात भाषेची अडचण खरीखुरी आहे. पोलिसांचे कागद कन्नडमध्ये, खानापूर-निपाणीकडचा रुग्ण मराठीत बोलणारा. अशा वेळी सोबतच्या नातेवाइकालाच दुभाषी करतात. ते टाळलेच पाहिजे, कारण घरातल्या भांडणाच्या गुन्ह्यात तोच नातेवाईक फिर्यादी असू शकतो. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे.

वॉर्डात खाटेशी पोलीस बसतो, शेजारी इतर रुग्ण असतात. खाटेला बेडी अडकवण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये न्यायालयाच्या परवानगीविना निषिद्ध ठरवली. उपचारासाठी बांधून ठेवायचे की नाही, हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा. तोही तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच.

डिस्चार्जनंतर गोळ्या बंद पडल्या की आजार उलटतो. त्यामुळे औषधांची चिठ्ठी कारागृहाच्या डॉक्टरांच्या हाती पोचली का, हे विभागाने स्वतः पाहावे. जामिनावर सुटलेल्याला कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य या मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मंगळवारी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटू शकतात.