लाज आणली जाते: अपंगत्व, स्त्रीदेह आणि स्त्रीवादाचे अपुरे भान

मराठीत लाज ‘वाटते’ आणि लाज ‘आणली’ही जाते. अपंग व्यक्तींच्या अवहेलनेचा इतिहास बराच काळ पहिल्या क्रियापदानेच सांगितला गेला. शरीरात किंवा बुद्धीत काही कमी असले की संकोच आपोआप उपजतो, असे त्यात गृहीत होते. ही लाज कुणी आणली, कोणत्या कायद्याने, आणि तिचा भार स्त्रीच्या शरीरावर अधिक का पडला, हे प्रश्न स्त्रीवादी विचाराने पुढे आणले. मात्र त्या प्रश्नांना सामोरे जाताना स्त्री-चळवळीला स्वतःचाही काही हिशेब द्यावा लागला आणि तो अजून पुरता फिटलेला नाही.

मुळाशी एक जुने मोजमाप आहे. प्राण्यांच्या उत्पत्तीविषयी लिहिताना अ‍ॅरिस्टॉटलने मादीला जणू व्यंग असलेला नर ठरवले होते. निरोगी पुरुषदेह हा मापदंड मानला की स्त्री आणि अपंग दोघेही उणे ठरतात, याकडे अपंगत्वाच्या स्त्रीवादी अभ्यासक रोझमेरी गार्लंड-थॉमसन यांनी 1990 च्या दशकात लक्ष वेधले. आईचा दोष हाही याच विचाराचा फाटा म्हणता येईल. गर्भवतीने काही भयंकर पाहिले किंवा मनात आणले तर त्याची खूण बाळाच्या अंगावर उमटते, ही समजूत युरोपात अठराव्या शतकातही वैद्यांच्या वादाचा विषय होती. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वमग्नतेचे कारण म्हणून आईच्या थंड, कोरड्या वागण्याकडे बोट दाखवले गेले. कारण बदलले, आरोपी तीच राहिली.

एकोणिसाव्या शतकात पाहणे आणि लपवणे या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या. अंगभर केस असलेल्या मेक्सिकोच्या ज्युलिया पास्त्राना यांना ‘जगातील सर्वांत कुरूप स्त्री’ म्हणून तिकीट लावून दाखवले जाई. 1860 मध्ये मॉस्कोत बाळंतपणानंतर काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा व्यवस्थापक असलेल्या पतीने त्यांचे आणि नवजात बाळाचे शव मसाला भरून पुन्हा प्रदर्शनात मांडले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते 2013 मध्ये. त्याच शतकात सॅन फ्रान्सिस्कोने 1867 मध्ये आणि शिकागोने 1881 मध्ये नियम केले, की ज्यांचे व्यंग पाहवत नाही अशांनी रस्त्यावर स्वतःला लोकांच्या नजरेस पडू देऊ नये. पैसे मोजून पाहायला हरकत नव्हती. अशी माणसे फुकट दिसणे मात्र गुन्हा होता. शिकागोचा नियम रद्द व्हायला 1974 साल उजाडले.

याच शिकागोत 1893 च्या जागतिक प्रदर्शनात एक चित्र लावलेले होते. मध्यभागी मद्यपानविरोधी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड आणि भोवती मताधिकार नसलेले इतर: एक मतिमंद, एक वेडा, एक कैदी आणि एक अमेरिकी आदिवासी. हेन्रिएटा ब्रिग्ज-वॉल यांनी करवून घेतलेल्या या चित्राचा युक्तिवाद असा, की एवढ्या सुज्ञ स्त्रीला अशांच्या पंक्तीला बसवणे हा अपमान आहे. पंगतीत ज्यांना आधीच खाली बसवलेले होते, त्यांच्याविषयी चित्र काही बोलत नाही. अपमान होतो तो केवळ तिचा.

यानंतरचा काळ सुप्रजननशास्त्राचा, म्हणजे ‘चांगल्या’ वंशासाठी कुणाला मुले व्हावीत आणि कुणाला नाही हे ठरवू पाहणाऱ्या विचाराचा. त्यातले कॅरी बक यांचे प्रकरण सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण स्त्रीची अब्रू आणि बुद्धीचे निदान त्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. व्हर्जिनियातील एका कुटुंबात सांभाळण्यासाठी ठेवलेली ही मुलगी सतराव्या वर्षी गरोदर राहिली. त्या कुटुंबाच्याच नातेवाइकाने बलात्कार केल्याचे तिने नंतर सांगितले. कुटुंबाने मात्र तिला मतिमंद ठरवून 1924 मध्ये सरकारी संस्थेत पाठवले, जिथे तिची आई आधीपासून होती. लग्नाविना आलेले मातृत्व हाच बुद्धिहीनतेचा पुरावा मानला गेला. तिची मुलगी व्हिव्हियन काही महिन्यांची असतानाच तिच्यातही काहीतरी वेगळे असल्याची साक्ष नोंदवली गेली. 2 मे 1927 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सक्तीची नसबंदी वैध ठरवली आणि न्यायमूर्ती होम्स यांनी ‘मूढांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या’ असे लिहिले. व्हिव्हियन पुढे शाळेत गेली, गुणवंतांच्या यादीतही झळकली आणि आठव्या वर्षी आजाराने वारली. कॅरीच्या बहिणीचीही नसबंदी झाली. तिला मात्र सांगितले होते, की अपेंडिक्स काढले. मूल का होत नाही, हे तिला कित्येक दशके कळले नाही.

सक्तीच्या नसबंदीच्या अशा कायद्यांना स्त्री-चळवळीतूनही पाठबळ मिळाले. कॅनडात स्त्रिया कायद्याने ‘व्यक्ती’ आहेत, हे मान्य करून घेण्यासाठी लढलेल्या एमिली मर्फी आणि नेली मॅक्लंग या दोघी अल्बर्टा प्रांताच्या 1928 च्या नसबंदी कायद्याच्या समर्थक होत्या. हे आज अडचणीचे वाटते, पण ते वगळून पार्श्वभूमी लिहिणे अप्रामाणिक ठरेल.

1976 मध्ये ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांनी अपंगत्व शरीरात नसून समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यांत आहे, अशी मांडणी केली. तिने लाजेचा पत्ता बदलला, हे खरे. पण जेनी मॉरिस यांच्यासारख्या अपंग स्त्रीवाद्यांना ती अपुरी वाटली, कारण तिच्यात वेदना, घर आणि शरीराविषयीची नकोशी भावना यांना फारशी जागा नव्हती. मॉरिस यांचा दुसरा आक्षेप स्त्रीवादी संशोधनावर होता. घरातल्या शुश्रूषेचा भार स्त्रियांवर पडतो, असे लिहिणाऱ्यांनी ‘स्त्री’ म्हटल्यावर फक्त शुश्रूषा करणारी धरली; जिची शुश्रूषा होते तीही स्त्री असू शकते, हे त्यांच्या हिशेबात नव्हते आणि ती निव्वळ ओझे म्हणून उरली.

हा संघर्ष सर्वाधिक उघडपणे जपानमध्ये झाला. तिथे 1948 पासून सुप्रजनन संरक्षण कायदा लागू होता. त्याच कायद्याने गर्भपाताला परवानगी आणि अपंगांच्या नसबंदीला अधिकार दिला होता. 1972 मध्ये सरकारने दुरुस्ती मांडली: आर्थिक कारणासाठीचा गर्भपात बंद आणि गर्भातील दोषासाठीचा सुरू. पहिल्या भागाविरुद्ध स्त्रीमुक्तीवाल्या उठल्या, दुसऱ्याविरुद्ध सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील बिघाडामुळे हालचालींवर मर्यादा आणणारे अपंगत्व) असलेल्यांची संघटना. जन्म द्यायचा की नाही हा स्त्रीचा हक्क, या घोषणेत आमच्या जन्माला नकार द्यायचा हक्कही येतो का, असा प्रश्न अपंगांनी विचारला. बऱ्याच कटू वादानंतर मुक्तीवाल्यांनी घोषणाच बदलली: जिथे मूल जन्माला घालता येईल, घालावेसे वाटेल, असा समाज हवा. दुरुस्ती 1974 मध्ये बारगळली. त्याच वर्षी मोनालिसाचे चित्र टोकियोत आले, तेव्हा गर्दीचे कारण देऊन मदतनिसाची गरज असलेल्या अपंगांना प्रवेश नाकारण्यात आला. पोलिओमुळे पायात अपंगत्व असलेल्या स्त्रीमुक्ती कार्यकर्त्या योनेझु तोमोको यांनी त्या चित्राच्या दिशेने लाल रंग फवारला. एका स्त्रीचा चेहरा पाहायला सगळ्यांनी यावे आणि दुसरीने कुणाच्या नजरेस पडू नये, यातली विसंगती याहून थोडक्यात मांडता आली नसती.

तो कायदा 1996 पर्यंत टिकला. सुमारे 25000 नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत स्त्रियांची संख्या बरीच अधिक होती. 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराने प्रजननक्षमता टिकवण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदवला, तरी जपानमधील पहिला भरपाईचा दावा 2018 मध्ये दाखल झाला. 3 जुलै 2024 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. 2019 पासून भरपाईची तरतूद होती, पण नसबंदी झालेल्यांपैकी अर्ज करून ती मिळवणारे थोडेच निघाले. बहुतेक प्रांतांनी संबंधितांना स्वतःहून कळवलेच नव्हते. घरच्यांना ठाऊक नसेल, कळले तर त्यांना अवघड होईल, असे कारण दिले गेले.