एकच काडतूस, दोन नळ्या

माझा भाचा टेक्सासात राहतो. त्याच्या गावाजवळ काउबॉय पद्धतीच्या नेमबाजीचा क्लब आहे आणि त्याला तिथे उतरायला तरफेची रायफल हवी आहे. मे महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा नागपुरात पारा नुकताच पंचेचाळिसावरून उतरत होता. कूलर सुरू होता आणि मी आईच्या जुन्या अडकित्त्याने सुपारी कातरत बसलो होतो.

"मामा, .३५७ घेऊ की .४४? इथे सगळे म्हणतात, मोठीच घे." ही दोन मॅग्नम काडतुसांची नावं, गोळीच्या जाडीवरून पडलेली.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. बंदूक हातात धरण्याची वेळ कधी आली नाही. पण त्याचा प्रश्न ऐकला आणि वाटलं, याचं उत्तर गोळीच्या जाडीत नाही. कोंडलेल्या वायूला काम करायला किती अंतर मिळतं, यात आहे.

आधी तरफेचं पाहू, कारण ती माझ्या हातातच होती. अडकित्त्यात सुपारी खिळ्याजवळ असते आणि हात लांब, म्हणून हाताचा थोडा जोर पात्याशी कितीतरी पट होतो. या रायफलीत चापाभोवतीची कडी हीच तरफ. ती खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर आणली की नवं आत जातं. उडालेलं काडतूस फुगून नळीच्या मागच्या खोबणीत घट्ट बसलेलं असतं. ते सुटायला पहिल्या क्षणी जो जोर लागतो, तो हाताच्या लांब भुजेमुळे मिळतो.

तरफेने काडतूस आत ढकललं, पण बार उडताना मागचा दरवाजा कोण धरून ठेवतं? १८६०ची हेन्री, १८६६ची पिवळ्या धातूची विंचेस्टर आणि १८७३ची विंचेस्टर या तिन्हींत त्याचं उत्तर एकच होतं : गुडघ्यासारखा सांधा. हात कोपरात वाकवून दार रेटलं तर दंड लवकर भरून येतो. हात ताठ केला की तोच जोर हाडांतून सरळ खांद्यावर जातो आणि स्नायूंना फारसं करावं लागत नाही. या रायफलींत दोन दुवे तसेच सरळ रेषेत येतात आणि धक्का झेलतात. रचना देखणी आहे, पण सगळा भार त्या बारीक दुव्यांवर आणि त्यांच्या खिळ्यांवर येतो. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या मंद दाबाला ते पुरत होतं. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याने १८९२च्या विंचेस्टरसाठी वेगळी वाट धरली. त्याने दरवाजाच्या दोन्ही बाजूंना पोलादाचे उभे अडसर दिले. आपल्या वाड्यांच्या दारांना आडवा अडसर असायचा, तसेच, फक्त उभे. आजही जास्त दाबाच्या काडतुसासाठी ही रचना मला अधिक भरवशाची वाटते.

आता मुद्द्याचं. रिव्हॉल्व्हर आणि रायफल दोन्हींत एकच काडतूस घालायची कल्पना सोयीतून आली. १८७३च्या विंचेस्टरचं .४४-४० काडतूस (भाच्याच्या .४४हून वेगळं, जुनं) १८७८पासून कोल्टच्या रिव्हॉल्व्हरलाही मिळालं आणि कमरेला एकच पट्टा बांधून दोन्ही हत्यारं चालू लागली. कोल्टचं स्वतःचं .४५ मात्र त्या काळात तरफेच्या रायफलीत गेलं नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामं काडतूस पुढून दांडीने ढकलून काढतात, त्यामुळे त्याच्या बुडाची कड अगदी नाममात्र होती. रायफलीच्या आकड्याला ओढायला कड हवी, ती तिथे पुरेशी नव्हती. आजच्या .४५च्या काडतुसाला आकड्यासाठी कडेलगत खाच असते, म्हणून हल्ली ती रायफलही मिळते. .४४-४०चा आणखी एक गुण फारसा कुणी सांगत नाही. त्याच्या तोंडाचं पितळ पातळ असल्याने बार होताच ते फुगून भिंतीला चिकटतं आणि धूर-काजळी मागे येऊ देत नाही.

पण सोयीबरोबर त्या काळच्या लोकांना वेगही आपसूक मिळाला. .३५७ मॅग्नमची नेहमीची गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १०.२ ग्रॅमची. चार इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून ती सेकंदाला साधारण ३८० मीटरने निघते आणि अठरा इंची रायफलीतून साधारण ५४० मीटरने. काडतूस तेच, दारू तीच. वेग दीडपटीच्याही आत वाढला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती ७४० ज्यूलवरून जवळपास १५०० वर जाते. थेट दुप्पट.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. रायफलीत गोळी वायूच्या रेट्याखाली साधारण चौपट अंतर धावते. रेटा शेवटपर्यंत सारखाच राहिला असता तर ऊर्जाही चौपट झाली असती. ती दुप्पटच झाली, कारण गोळी पुढे सरकते तशी वायूची जागा वाढते, तो फैलावून थंड होतो आणि दाब उतरतो. सुरुवातीचे काही सेंटिमीटर भरभरून देतात, शेवटचे जवळपास काहीच देत नाहीत. म्हणून या काडतुसांसाठी चोवीस इंची नळीचा आग्रह मला पटत नाही. अठरा-वीस इंचांच्या पुढे वजन वाढतं आणि वेग मात्र जेमतेम. रिव्हॉल्व्हरला एक नुकसान आणखी आहे. काडतुसांची फिरती चक्री आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावीच लागते आणि तिच्यातून वायू कडेने निसटतो. रायफलीला ती फटच नाही.

या दुप्पट ऊर्जेचा अर्थ शंभर मीटरवर दिसतो. हवेचा विरोध सोडून हिशेब केला तर रिव्हॉल्व्हरची गोळी तिथवर जाताना सुमारे ३४ सेंटिमीटर खाली येते, रायफलीची १७. प्रत्यक्षात दोन्ही यापेक्षा जास्त खाली येतात, कारण या गोळ्यांचं नाक चपटं असतं आणि चपट्या नाकाला हवा फार अडवते. ते नाक चपटं ठेवावंच लागतं. या रायफलींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक निजलेली असतात, प्रत्येकाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. बुडाच्या मधोमध टोपी असते, जिच्यावर टोला पडला की बार होतो. टोकदार गोळी असेल तर झटक्याने ती पुढच्याच्या टोपीवर आदळू शकते. भाच्याला मी हे दोनदा सांगितलं.

हवेवरून आमचं नागपूर आठवलंच. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. डिसेंबरातल्या १० अंशांच्या पहाटे तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, तर मे महिन्यातल्या ४५ अंशांत सुमारे ३५८. त्या दुपारी हवाही १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते. .३८ स्पेशल हे .३५७च्या रायफलीत चालणारं धाकटं काडतूस. त्याची नेहमीची गोळी लांब नळीतूनही सेकंदाला साधारण ३०० मीटरच्या आसपास राहते, म्हणजे दोन्ही ऋतूंत आवाजाच्या मागेच. त्यामुळे आवाजाला मागे टाकणाऱ्या गोळीमागे येतो तो कोरडा कडाका हिच्या मागे येत नाही आणि कान कमी दुखतात. टेक्सासचा उन्हाळाही असाच. तापलेली दारू जोमाने जळते आणि दाब चढतो, म्हणून काडतुसं उन्हातल्या गाडीत ठेवू नको, हेही मी त्याला बजावलं. स्फोटकांच्या सुरक्षिततेचं देशाचं मुख्य कार्यालय आमच्या सेमिनरी हिल्सवर आहे. या शहरात राहणाऱ्याला उष्णता आणि दारू यांचं नातं वेगळं शिकवावं लागत नाही.

.४४ मॅग्नम मोठं आहे, यात शंका नाही. २४० ग्रेनची गोळी रायफलीतून सुमारे ५३० मीटरने जाते. तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, .३५७च्या दीडपट भरतो. तीन किलोच्या रायफलीला मागे तेवढाच संवेग मिळतो, पण खांद्यावर येणारी ऊर्जा त्याच्या वर्गाने वाढून सव्वादोनपट होते. दिवसभरात शंभर बार करणाऱ्या माणसाच्या खांद्याला हा वर्ग चांगलाच कळतो. शिवाय त्या खेळाच्या नियमांत शिशाचीच गोळी आणि रायफलीला सेकंदाला १४०० फुटांखालचा वेग असं बंधन आहे, कारण जवळच्या पोलादी पाट्यांवरून तुकडे उडू नयेत. १४०० फूट म्हणजे सुमारे ४२७ मीटर. पूर्ण ताकदीचं .३५७सुद्धा तिथे चालणार नाही, मग .४४ची ताकद घेऊन तो करणार काय?

म्हणून .३५७ची रायफल घे आणि क्लबात .३८ स्पेशल वापर, हा माझा सल्ला. मात्र ती काडतुसं रायफलीत सहज सरकतात का, ते आधी पाहा. १८७३च्या रचनेत काडतूस उचलणारा ठोकळा लांबीबाबत हट्टी असतो. आखूड काडतुसाने जागा पुरी भरली नाही तर मागचं त्यात डोकावतं आणि सगळं अडकतं.

आपल्याकडे यातलं काहीच असं दुकानात जाऊन निवडता येत नाही. १९५९च्या कायद्याने परवाना लागतो, २०१९च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा राहिली आणि १९७२पासून वन्यजीव संरक्षणाचा कायदा आहे. ताडोबा आणि पेंचच्या इतक्या जवळ राहताना मला ते योग्यच वाटतं.

शेवटी राहिला पीळ. नळीतले आटे गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात म्हणून ती आडवी होत नाही. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९मध्ये दिलेलं सूत्र सोपं आहे : व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी, की एका फेरीला लागणारं अंतर मिळतं. जुन्या मार्लिन .४४ रायफलींत ३८ इंचांत एक फेरी होती. हिशेब केला तर तिथे साधारण साडेअठरा मिलिमीटरपर्यंतची गोळी सरळ जाते. २४० ग्रेनची बसते, ३०० ग्रेनची लांबुडकी डगमगू लागते. तिथल्या लोकांची तक्रारही नेमकी तीच असते.

त्याला म्हटलं, जाहिरातीवर जाऊ नको, स्वतः मोज. आधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून घे. साफ करायच्या फिरत्या दांडीला घट्ट चिंधी बांध, दांडीवर एक खूण कर आणि ती नळीत सावकाश ढकल. खूण पुन्हा वर येईपर्यंत दांडी किती आत गेली, तोच पीळ.

परवा त्याचा फोटो आला. दुकानातलं टेबल, .३५७ची रायफल, शेजारी दांडी आणि शिंप्याची टेप. टेपवर त्याचा अंगठा सोळा इंचांवर होता.