हिऱ्याचं पाणी कुठून येतं?

भाचीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला बहिणीबरोबर मंगळवार पेठेतल्या सराफ बाजारात गेलो होतो. सराफकाकांनी मखमलीच्या ट्रेमध्ये दोन अंगठ्या ठेवल्या. दोन्हींत तीस सेंटचा एकेक गोल हिरा. एकीच्या चिठ्ठीवर 'ईएफ व्हीव्हीएस', दुसरीच्या 'जीएच एसआय', म्हणजे हिऱ्याच्या रंगाची आणि निर्मळपणाची श्रेणी. पहिली बरीच महाग. बहिणीनं दोन्ही बोटांत घातल्या, हात इकडून तिकडं फिरवून बघितला आणि मला म्हणाली, "दादा, स्वस्तातलीच जास्त चमकतीय की. चिठ्ठ्यांची अदलाबदल तर झाली नाही?"

अदलाबदल झालेली नव्हती. तिच्या डोळ्यांना जे दिसलं, ते चिठ्ठीवर लिहिलेलंच नव्हतं. जुनी माणसं त्याला हिऱ्याचं पाणी म्हणतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळं हे पाणी कुठून येतं ते तिला तिथंच सांगायला लागलो. पण लगीनसराईची गर्दी होती, बोलणं अर्धवट राहिलं. ते इथं पुरं करतो.

हिरा चार गोष्टींवर जोखतात: वजन, रंग, निर्मळपणा आणि पैलूंची घडाई. अमेरिकेत १९३१ साली स्थापन झालेल्या जीआयए या रत्नसंस्थेनं १९५० च्या दशकात रंग आणि निर्मळपणा यांच्या आजच्या श्रेण्या बसवल्या, आणि जगभरचा व्यापार त्या मानतो. चारही गोष्टी कागदावर एकाखाली एक छापल्या की सारख्याच तोलाच्या वाटतात. बोटावर तशा त्या नसतात. रंग आणि निर्मळपणा हिरा जमिनीतून घेऊन येतो, घडाई त्याला माणसाच्या हातून मिळते, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चमकेत सगळ्यांत मोठा वाटा घडाईचाच असतो. गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदा वजन विचारतं, मग रंग. घडाईचं कुणी विचारतच नाही.

वजनाचं आधी उरकून घेऊ. 'कॅरट' हा शब्द आपल्याकडं सोन्यालाही लागतो आणि हिऱ्यालाही, आणि तिथंच पहिला घोटाळा होतो. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता, २४ भागांतले किती भाग सोनं. हिऱ्याच्या अंगठ्या बहुधा १८ कॅरटच्या, म्हणजे ७५ टक्के सोन्याच्या असतात, कारण २२ कॅरटचं सोनं मऊ असतं आणि हिरा धरून ठेवणाऱ्या नख्या त्यात लवकर वाकतात. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम. त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. आमच्या समोरचा तीस सेंटचा हिरा म्हणजे ६० मिलिग्रॅम, तोळा-मासा-गुंजेच्या जुन्या हिशेबात जेमतेम अर्धी गुंज!

वजन दुप्पट झालं म्हणून हिरा दुप्पट मोठा दिसत नाही. वाढ तिन्ही दिशांना होते, त्यामुळं वरून दिसणारी रुंदी जेमतेम सव्वापट होते. एक कॅरटचा नीट घडवलेला गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो, अर्ध्या कॅरटचा पाचाहून थोडा जास्त. दर मात्र अर्धा, एक अशा पुऱ्या आकड्यांवर एकदम उडी मारतो. म्हणून ९५ सेंटचा हिरा पुऱ्या कॅरटच्या हिऱ्याशेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही, खिशाला चांगला कळतो. शिवाय वजन पोटातही लपवता येतं. पुरा आकडा गाठण्यासाठी काही हिरे मुद्दाम खोल ठेवलेले असतात. त्यांचं वजन भरतं, पण वरून बघितलं तर ते लहानच दिसतात.

आता पाण्याकडं येतो. आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी कधी ना कधी तळाकडं बुडी मारून वर बघितलं असेल. सगळं आभाळ डोक्यावरच्या एका गोल खिडकीत मावलेलं दिसतं, आणि त्या गोलाच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होऊन विहिरीचा आतलाच भाग दाखवतो. पाण्यातून हवेत जाणारा प्रकाश फार तिरपा आला की बाहेर पडू शकत नाही, पुरता आत परततो. पृष्ठभागावरच्या लंबापासून मोजलं तर पाण्याच्या बाबतीत ही हद्द सुमारे ४८ अंशांची आहे, साध्या काचेत ४२ च्या आसपास. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, २.४२ असल्यामुळं त्याची हद्द फक्त २४ अंशांच्या थोडी वर येते. हिऱ्याची खिडकी अगदी चिंचोळी असते, बाकी सगळीकडून तो आतून आरसा असतो.

पण हा आरसा कामाला लावायचा तर कोन जुळले पाहिजेत. मार्सेल टॉल्कोव्स्की या बेल्जियन हिरेकारागीर घराण्यातल्या तरुण इंजिनिअरनं १९१९ साली त्याचं गणित मांडलं. गोल हिऱ्याचा खालचा निमुळता भाग आडव्या पातळीशी ४०.७५ अंशांचा, वरचा उतार ३४.५ अंशांचा, आणि वरचा सपाट पैलू, ज्याला टेबल म्हणतात, रुंदीच्या ५३ टक्के. यातला पहिला आकडा घेऊन एक किरण टेबलावरून सरळ खाली सोडून बघा. तो तळाच्या पैलूवर ४०.७५ अंशांनी आदळतो. हद्द २४ ची, म्हणून तो पुरता परततो आणि जवळजवळ आडवा होऊन समोरच्या पैलूवर पोचतो. तिथं कोन भरतो सुमारे ५८ अंश, म्हणून पुन्हा पुरतं परावर्तन. मग तो वर वळतो आणि टेबलापाशी १७ अंशांनी येतो. १७ हे २४ पेक्षा कमी, म्हणजे खिडकीच्या आत, म्हणून इथं मात्र तो बाहेर पडतो, थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांकडं. वरून आत गेला आणि वरूनच परत आला, वाटेत एकदाही गळला नाही. बाहेर पडताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकतो, त्यामुळं हात हलला की रंगांच्या ठिणग्या उडतात. वर्षानुवर्षं फळ्यावर परावर्तन शिकवतोय, पण हा किरण काढताना अजूनही मन भरत नाही.

कोन चुकले की हा खेळ बिघडतो. तळ फार खोल असला तर किरण दुसऱ्या पैलूतून खाली गळतो आणि मधोमध खिळ्याच्या डोक्यासारखी काळोखी दिसते. फार उथळ असला तर टेबलाखाली हिऱ्याच्या कडेचं पांढुरकं कडं दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. आमच्या ट्रेमधल्या महागड्या हिऱ्याला मधोमध अशीच काळोखी होती. रंगानं आणि निर्मळपणानं तो सरसच होता, पण प्रकाश त्याच्या तळातून गळत होता. म्हणून प्रमाणपत्रावर घडाईची श्रेणी आधी शोधावी. गोल हिऱ्याला जीआयए ती एक्सलंट ते पुअर अशा पाच पायऱ्यांत देते. चौकोनी, बदामी अशा इतर आकारांना ही घडाईची श्रेणी मिळत नाही, तिथं स्वतःच्या डोळ्यांवरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

रंगाची श्रेणी इंग्रजी डी या अक्षरापासून झेडपर्यंत जाते. डी, ई, एफ म्हणजे पूर्ण रंगहीन, जी ते जे जवळजवळ रंगहीन, पुढं पिवळसर छटा वाढत जाते. सुरुवात ए पासून नाही, कारण आधीच्या निरनिराळ्या पद्धतींनी ए, बी, सी ही अक्षरं वापरून गोंधळ करून ठेवला होता. हा पिवळेपणा बहुतेक वेळा नायट्रोजनमुळं येतो. कार्बनच्या जाळ्यात थोडे नायट्रोजनचे अणू शिरले की ते निळा प्रकाश खातात. गोवळकोंड्याच्या नावानं गाजलेल्या काही जुन्या हिऱ्यांमध्ये नायट्रोजन जवळजवळ नसायचा, म्हणून त्यांच्या पाण्याची एवढी ख्याती झाली. त्यातली प्रसिद्ध कोल्लूरची खाण कृष्णाकाठी होती, आणि आपली भीमा पंढरपूर ओलांडून पुढं त्याच कृष्णेला मिळते.

पण ही रंगपरीक्षा होते कशी, ते ध्यानात घ्या. सुटा हिरा पांढऱ्या पृष्ठभागावर पालथा घालतात, ठरावीक दिव्याखाली, ठरलेल्या नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवून बाजूनं बघतात. पालथा यासाठी, की सुलटा ठेवला तर चमक छटेला झाकून टाकते. आपण हिरा घालतो सुलटाच, तोही पिवळ्या सोन्यात, आणि सोन्याची थोडी झाक हिऱ्यात उतरतेच. पिवळ्या सोन्याच्या अंगठीसाठी डी रंगाला पैसे मोजणं मला पटत नाही. जी, एच पुष्कळ झाला.

निर्मळपणाचंही तसंच आहे. हिरे बहुतेक करून जमिनीखाली दीडशे ते दोनशे किलोमीटरवर तयार झाले, बरेचसे शंभर कोटी वर्षांहून जुने, आणि येताना आत दुसऱ्या खनिजांचे कण, बारीक भेगा घेऊन आले. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून त्या शोधून अकरा श्रेण्या देतात: वर फ्लॉलेस, मग व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि शेवटी आय, बहुतेकींत पुन्हा १, २ अशा पोटपायऱ्या. व्हीव्हीएसमधले दोष भिंगातूनही सरावलेल्या नजरेलाच सापडतात. व्हीएस २ पर्यंत नुसत्या डोळ्यांना सहसा काही दिसत नाही. एसआयमध्ये दोष कुठं आहे ते बघावं. कडेला नखीखाली असला तर चिंता नाही, टेबलाच्या मधोमध काळा ठिपका असला तर नको.

आता त्या चिठ्ठीबद्दल. 'जीएच', 'ईएफ' अशी जोडनावं दुकानांत सर्रास दिसतात, कारण बारीक हिरे एकेक करून नाही, तर ढिगानं निवडलेले असतात. कोंदणात बसवलेल्या हिऱ्याचं वजनही मापांवरून अंदाजानं काढतात, तराजूवर नाही. मोठा एकच हिरा घ्यायचा असेल तर तो सुटा असताना केलेलं स्वतंत्र प्रमाणपत्र मागावं. त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि पुष्कळदा तोच क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरनं कोरलेला भिंगातून वाचता येतो. अंगठीवरचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी फक्त सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतो, हिऱ्याबद्दल एक अक्षरही नाही. माझ्या लग्नात घेतलेल्या कुड्यांच्या वेळी मी हॉलमार्कवरच निर्धास्त राहिलो होतो. खडे हिऱ्याचे नव्हते हे पुढं कितीतरी वर्षांनी कळलं, आणि ते आईला सांगताना जीव कसनुसा झाला.

खरा-खोटा ओळखण्याच्या घरगुती युक्त्यांवर विसंबू नका. ऐरणीवर घण मारला तरी फुटत नाही तो खरा हिरा, ही समजूत आपल्याकडं फार जुनी आहे. ती धोक्याची आहे. हिरा कठीण आहे, म्हणजे त्याच्यावर सहज ओरखडा उठत नाही. पण ठरावीक दिशांनी तो चिरला जातो, आणि घणाखाली खऱ्याचाच चुरा होईल. दुकानातला पेनासारखा टेस्टर उष्णता किती वेगानं वाहून जाते ते बघतो. हिरा तांब्याच्या कितीतरी पट वेगानं उष्णता वाहून नेतो, म्हणून झिर्कोनिया हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा लगेच पकडला जातो. पण मॉयसनाइट हा दुसरा कृत्रिम खडा त्या पेनाला फसवू शकतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यापुढं तर पेन हतबलच असतो, कारण तो खराखुरा कार्बनचा हिराच असतो. त्याचं मूळ ओळखायला मोठी उपकरणं लागतात. त्यात वाईट काही नाही, फक्त बिलावर 'लॅब ग्रोन' असं स्वच्छ लिहिलेलं असावं, कारण त्याची किंमत नैसर्गिक हिऱ्याहून खूपच कमी असते.

आम्ही शेवटी दोन्ही अंगठ्या परत केल्या. सराफकाकांनी चार दिवसांनी प्रमाणपत्रासह सुटे हिरे आणून दाखवले. दुकानातल्या झगमगत्या छोट्या दिव्यांखाली कुठलाही हिरा ठिणग्या टाकतो, म्हणून आम्ही ते आधी आतल्या ट्यूबलाइटखाली आणि मग पायरीवर उन्हात नेऊन बघितले. काका काही बोलले नाहीत, उलट भिंग घेऊन तेही बाहेर आले. जी रंगाचा, व्हीएस २, एक्सलंट घडाईचा ठरला. बिलात हिऱ्याचं वजन सोन्याच्या वजनातून वजा केलंय का, हे बहिणीनंच तपासलं.

महिन्याभरात भाचीचा फोन आला, "मामा, हिरा मळल्यासारखा दिसतोय हो." तिला विचारलं, अंगठी घालूनच जेवतेस का. आपली शेंगाचटणी तेल सोडणारी, आणि हिऱ्याला तेलाची फार ओढ. काही खाणींत तर खडी चरबी लावलेल्या पट्ट्यावरून धुतात, दगड वाहून जातात आणि हिरे चिकटून राहतात. तळाच्या पैलूंवर तेलाचा थर बसला की बाहेर हवेऐवजी तेल येतं, २४ अंशांची हद्द ३७ च्या वर सरकते, आणि आत परतणारे कित्येक किरण खालून निसटतात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाक, जुन्या मऊ ब्रशनं मागच्या बाजूनं घास, आणि हे सगळं मोरीवर नाही, वाटीत कर, असं सांगितलं. संध्याकाळी तिनं अंगठीचा फोटो पाठवला.